तांडा रिकामा असताना मोजलेली माणसं

‘जिथून माणसंच निघून चाललीत, तिथं डांबर कशाला ओतायचं?’ छोट्या गावांवरचा खर्च थांबवा असं सांगणाऱ्यांचा हा आवडता प्रश्न. वर बाबासाहेबांची साक्ष काढतात. ४ नोव्हेंबर १९४८ला घटना समितीत त्यांनी खेड्यातल्या कोतेपणावर आणि अज्ञानावर कोरडे ओढले होते. मग खेडं सरलं तर बिघडलं काय, असा यांचा निष्कर्ष.

हा निष्कर्ष मला मान्य नाही. बाबासाहेबांचा राग खेड्यातल्या माणसावर नव्हता, त्याला जखडून ठेवणाऱ्या व्यवस्थेवर होता. ज्याला गावच्या मालकाखेरीज दुसरीकडे काम मिळतं, ज्याची मुलगी तालुक्याच्या कॉलेजात जाऊन दिवेलागणीआधी घरी येते, त्याच्यावरची गावाची पकड सैल होते. ती सैल करणारं सर्वांत स्वस्त साधन म्हणजे वेळेवर येणारी एसटी. बाबासाहेबांचं नाव घेऊन फेरी बंद करणारा माणूस दुबळ्यालाच त्या गावात कोंडतो. ऐपतवाला तर मोटारसायकलवर कधीच निघून गेलेला असतो.

आता वाशीम जिल्हा पाहा. १९९८ साली अकोल्यातून वेगळा झालेला, २०११च्या गणनेत सुमारे १२ लाखांचा, आणि २०१८पासून नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतला. समृद्धी महामार्ग कारंजा, मंगरुळपीर, मालेगाव तालुक्यांतून जातो, पण खेड्यात जे वाहन असतं त्या दुचाकीला तिथं बंदी आहे. फाट्यापासून आत जुलैतली काळी माती. जनगणनेच्या पुस्तकात गावात बस नसेल तर अंतराचा गट नोंदवतात. पाच किलोमीटरच्या आत सगळं एकाच गटात. अर्धा किलोमीटर आणि साडेचार किलोमीटर यांत कागदाला फरक दिसत नाही. बाळंतिणीला दिसतो.

प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत सपाट भागात ५०० लोकवस्तीची अट आहे. २०२४च्या चौथ्या टप्प्यात आकांक्षित जिल्ह्यांना ती २५० केली. आणखी खाली आणा, शंभरावर आणा, अशी मागणी करायला मी निघालो होतो. पण आकडा खाली आणून भागत नाही, कारण तो कधी मोजला हा प्रश्न उरतोच. चौथ्या टप्प्याची लोकसंख्या २०११ची, आणि ती गणना ९ ते २८ फेब्रुवारीत झाली. दिवाळीनंतर याच जिल्ह्यातल्या मानोऱ्याकडच्या बंजारा तांड्यांतली माणसं ऊसतोडीला, वीटभट्टीवर, पुण्या-मुंबईच्या बांधकामावर जातात. गणनेच्या त्या सगळ्या दिवसांत जो घरी नसतो, त्याची नोंद घरी होत नाही. तांडा सर्वांत रिकामा असताना त्याची माणसं मोजायची आणि त्याच आकड्यावर रस्ता नाकारायचा, हा अन्याय आहे. रस्ता नाही म्हणून रोजगार नाही, रोजगार नाही म्हणून माणूस बाहेर, आणि माणूस बाहेर म्हणून रस्ता नाही.

रस्ता झाला तरी गाडी येतेच असं नाही. तिथं एसटीचं भारमान, म्हणजे गाडी किती भरते याचं प्रमाण, आडवं येतं. शाळा भरून गेल्यावर अकराला येणारी गाडी रिकामीच जाणार. मग भारमान कमी म्हणून फेरी बंद, आणि तेच प्रवासी काळीपिलीत कोंबलेले. मुक्कामाची गाडी होती तेव्हा सकाळी पहिली फेरी गावातूनच सुटायची, दूधवाला आणि विद्यार्थी तिच्यातच बसायचे. मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या गाड्यांनी मुलींसाठी शाळेची वेळ धरली. तोच नियम सगळ्या फेऱ्यांना लावला पाहिजे. गावाची गरज डोक्यांवरून ठरू नये. कुणाला, किती वाजता, कुठं पोचायचं आहे, यावरून ठरावी.

पुढची जनगणना १ मार्च २०२७ या तारखेला धरून, म्हणजे पुन्हा फेब्रुवारीतच आहे. सरपंचांना माझी विनंती आहे: त्याआधीच्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत प्रत्येक तांड्यावरून कामाला बाहेर गेलेल्या कुटुंबांची यादी वाचा, ठरावात लिहून घ्या, सोबत हव्या असलेल्या गाडीची वेळ लिहा, आणि तो ठराव जिल्हा परिषदेला व आगार व्यवस्थापकाला पाठवून त्याची पोच घ्या.