टोपी, मीटर आणि बतावणी

मराठीत 'टोपी घालणे' म्हणजे फसवणे, आणि कन्नडमधल्या 'टोपी हाकु' या शब्दप्रयोगाचा अर्थही तोच; त्यामुळे बेंगळुरूच्या 'स्वरात्मा' या बँडने २०१२ मध्ये आपल्या अल्बमला 'टोपीवाले' हे हिंदी नाव दिले, तेव्हा पांढऱ्या टोपीतला पुढारी आणि लोकांना टोपी घालणारा भामटा हे दोघेही, कोणाचेच नाव न घेता, एका शब्दात मावले. या बँडचे भडक पोशाख आणि काही कार्यक्रमांत कमरेला बांधून नाचवला जाणारा खोटा घोडा पाहिला की, गिटार आणि ड्रमच्या जोडीला इथे 'सोंग' उभे आहे हे सहज कळते; सोंग म्हणजे लोकनाट्यातले वेष घेतलेले पात्र, ज्याला वेषामुळेच काहीही बोलण्याची मुभा मिळते. मात्र या मुभेची किंमतही मोजावी लागते, कारण टोपीवाला हा एक नमुना असल्याने श्रोत्यांत बसलेला खरा पुढारीसुद्धा पोटभर हसू शकतो, आणि ती टोपी शेजाऱ्याच्या डोक्यावरची आहे असे समजून निवांत घरी जातो.

'थर्मल अँड अ क्वार्टर' हा १९९६ पासूनचा, इंग्रजीत गाणारा बेंगळुरूचाच बँड या पेचातून अधिक चलाखीने सुटतो. ऑटोरिक्षाची पार्श्वभूमी असलेल्या त्याच्या २०१२ च्या अल्बममध्ये 'मीटर मेले वन अँड हाफ' नावाचे गाणे आहे. 'मेले' म्हणजे वर. मीटरवर जो आकडा दिसेल त्याच्या दीडपट. रात्री दहा ते पहाटे पाच या वेळेत दीडपट भाडे हा तिथला अधिकृत नियम असला, तरी हे शब्द ज्या सहजतेने भर दुपारीही ऐकवले जातात, त्यात कोण कोणाकडून काय वसूल करू शकतो याचा सगळा व्यवहार आलेला असतो, आणि राजकारणाची याहून नेमकी व्याख्या क्वचितच सापडेल. याच बँडच्या 'शट अप अँड व्होट' या गाण्याचे नावच मतदाराला दटावते, म्हणजे चिमटा पुढाऱ्याला न काढता ऐकणाऱ्यालाच काढते.

दोन भाषांची अशी खिचडी शिजवून हसवण्याची रीत या शहरात बँडच्या फार आधीची आहे. नाटककार टी. पी. कैलासम (१८८४–१९४६) लंडनहून भूगर्भशास्त्र शिकून परतले आणि मध्यमवर्गाच्या इंग्रजीमिश्रित कन्नड बोलीतच प्रहसने लिहू लागले. त्यांच्या एका नाटकाचे नाव 'होम रूलु' आहे. ज्या मागणीसाठी टिळकांनी १९१६ मध्ये बेळगावात होमरूल लीग स्थापन केली, तिचे नाव कैलासमनी घरातल्या सत्तेला चिकटवले. 'कॉन्स्टॅन्टिनोपल' या इंग्रजी गाण्याच्या चालीवर त्यांनी रचलेले 'कोळीके रंगा' हे गाणे, अक्षरे फोडून नाव सांगण्याच्या इंग्रजी लकबीला कन्नड काना-मात्रांत बसवते, आणि खेड्यातल्या रंगाला साहेबाच्या तालावर मिरवते. रॉकच्या ठेक्यावर कन्नड किंवा रिक्षावाल्याची बोली आणणाऱ्यांचा आजोबा शोधायचा तर तो इंग्लिश रॉकच्या लिव्हरपूलपेक्षा इथेच सापडेल.

तरीही मराठी तमाशाशी तुलना केली की या दोन्ही बँडची एक उणीव डोळ्यांत भरते. तमाशात गण-गवळणीनंतर आणि वगाच्या, म्हणजे मुख्य कथानाट्याच्या आधी 'बतावणी' येते. सोंगाड्याच्या या विनोदी संवादाची ठाम संहिता नसते, त्यामुळे सकाळच्या वर्तमानपत्रातली बातमी रात्री फडावर येऊ शकते. वसंत सबनीस यांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या १९६५ च्या लोकनाट्यात दादा कोंडके जे ताजे टोमणे मारत, त्यांची जात हीच. ध्वनिमुद्रित गाण्याला ही सवलत नसते. ज्या दिवशी ते अल्बममध्ये जाते त्या दिवशीच त्यातला टोमणा गोठतो, आणि पाच वर्षांनी सरकार बदलले तरी शब्द तेच राहतात. एक गाणे संपून गिटारवादक तारा जुळवत असतो, तेवढ्या मिनिटभरात गायक माईकवर त्या आठवड्यातल्या एखाद्या मंत्र्याविषयी किंवा रस्त्यातल्या खड्ड्याविषयी जे बोलून जातो, ती त्या मैफलीतली बतावणी असते, आणि अल्बममध्ये नेमके तेच नसते.