इंजिनाचा यजमान कोण?

डिझेल इंजिनाच्या सिलिंडरमध्ये ज्वलन जितके तापट, तितके इंधनातून काम जास्त निघते आणि त्याच तापामुळे हवेतला नायट्रोजन ऑक्सिजनशी जुळून विषारी ऑक्साइडही जास्त होतात. ट्रकमालकाचे मायलेज आणि रस्त्याकडेला राहणाऱ्यांची फुप्फुसे यांच्यातला हा तंटा निसर्गानेच लावून ठेवला आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००१ साली नियम केला की २०१०च्या जड इंजिनांनी दर अश्वशक्ती-तासाला ०.२० ग्रॅमपेक्षा जास्त नायट्रोजन ऑक्साइड सोडता कामा नये. त्यासाठी मुख्यतः दोन वाटा होत्या. पहिली, ज्वलन हवे तसे तापू द्यायचे आणि मग बाहेर पडणाऱ्या धुरात युरियाचे द्रावण फवारून त्या ऑक्साइडचे नायट्रोजन आणि पाणी करून टाकायचे. दुसरी, धुराचाच काही भाग थंड करून पुन्हा सिलिंडरमध्ये घ्यायचा आणि ज्वलनाचा ताप मुळातच उतरवायचा. कमिन्स, डेमलर, व्होल्वो, पॅकार हे सगळे युरियाकडे गेले. इंटरनॅशनल या नावाचे ट्रक करणारी शिकागोजवळची नेव्हिस्टार कंपनी एकटी दुसऱ्या वाटेने निघाली. तिचे म्हणणे सरळ होते: प्रदूषणाचे काम इंजिनाने करावे, ट्रकवाल्याला आणखी एक टाकी भरायला लावू नये.

हे म्हणणे वेडगळ नव्हते, हे आधी मान्य केले पाहिजे. युरियाची टाकी, पंप, गोठू नये म्हणून गरम करण्याची सोय, एवढा संसार ट्रकवर चढवायचा आणि वर चालकाने तो विसरू नये अशी आशा करायची, यावर कोणाही यंत्रप्रेमीने नाक मुरडावे. पण परत फिरवलेल्या धुराचे प्रमाण वाढवत नेले की काजळी वाढते, फिल्टर भरतो, धूर थंड करणाऱ्या कुलरवर आणि रेडिएटरवर ताण येतो. इंजिन स्वतःच्याच उच्छ्वासावर जगू लागते. नेव्हिस्टारची मोठी इंजिने ०.२० पर्यंत उतरलीच नाहीत. जुन्या, नियमापेक्षा स्वच्छ इंजिनांवर साठलेले क्रेडिट खर्चून कंपनी ०.५० ग्रॅमच्या आसपासची इंजिने विकत राहिली. क्रेडिट संपत आले तेव्हा जानेवारी २०१२ मध्ये सरकारी संस्थेने दर इंजिनामागे १,९१९ डॉलर दंड भरून विक्री चालू ठेवायची मुभा दिली. प्रतिस्पर्धी न्यायालयात गेले आणि जूनमध्ये ती मुभा रद्द झाली. जुलैत नेव्हिस्टारने युरियाची वाट पत्करली, ऑगस्टमध्ये मुख्याधिकारी डॅनियल उस्टियन पायउतार झाले. कराच्या जुन्या सवलती ताळेबंदातून काढून टाकाव्या लागल्या, वॉरंटीचा खर्च अंगावर आला आणि त्या आर्थिक वर्षाचा तोटा सुमारे ३ अब्ज डॉलरवर गेला.

हिशोब इथे संपला असता तर हा व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गातला धडा ठरला असता. पण या निर्णयाचे फळ कोणाकोणाच्या पदरात पडले ते पाहा. टेक्सासमधल्या गार्लंडचा ट्रक कारखाना बंद करण्याची घोषणा त्याच वर्षी झाली. तिथल्या असेंब्ली लाइनवर उभ्या माणसाला युरिया की धूर, हे कोणी विचारले नव्हते. २०११ ते २०१४ या मॉडेल वर्षांचे ट्रक घेणाऱ्यांनी धूर परत फिरवणाऱ्या यंत्रणेत दोष असल्याचा दावा लावला. तो १३.५ कोटी डॉलरला मिटला, त्यातले ५ कोटी नव्या ट्रकवरच्या सवलतीच्या रूपात. म्हणजे ज्या घरचा ट्रक बिघडला, त्याच घरचा पुढचा ट्रक घेतला तर सूट! वर्कशॉपमध्ये उभ्या ट्रकचा हप्ता मात्र बँकेने सोडलेला नसतो. पुण्याजवळ चाकणला महिंद्रा आणि नेव्हिस्टारचा भागीदारीतला ट्रक कारखाना होता. भारतातल्या इंजिनांचा या अमेरिकी नियमाशी काही संबंध नव्हता, तरी २०१२च्या अखेरीस महिंद्राने नेव्हिस्टारचा हिस्सा विकत घेत असल्याचे जाहीर केले आणि ते नाव इथल्या ट्रकांवरून गेले.

जो करतो तो भोगतो, हा कर्मसिद्धांताचा गाभा. आपल्याकडची जवळजवळ सगळी दर्शने, आणि त्यांच्याशी भांडणारे जैन-बौद्धसुद्धा, एवढ्यावर एकमत होतात. कंपनी नावाची संस्था मात्र नेमकी या गाठीवर सुरी चालवते. इथे ठरवतो एक, घडवतो दुसरा, विकतो तिसरा आणि भोगतो चौथा. मग कर्मसिद्धांत कारखान्याच्या फाटकाबाहेर ठेवायचा का? माझे म्हणणे असे की नाही. या प्रश्नाचे उत्तर शोधायला भगवद्गीतेच्याही आधी पूर्वमीमांसेकडे, म्हणजे यज्ञकर्माचा विचार करणाऱ्या दर्शनाकडे, जावे. अनेक माणसांनी मिळून केलेल्या कर्माचे फळ कोणाला, हा मीमांसकांचा रोजचा विषय होता. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत केवलानंद सरस्वतींनी ज्या शास्त्राचा प्रचंड कोश रचला, ते आपल्याला वाटते तितके धुरकट नाही. यज्ञ म्हणजे एक सुसूत्र कारखानाच होता: सोमयागात सोळा ऋत्विज म्हणजे पुरोहित, प्रत्येकाचे काम वेगळे, क्रम ठरलेला, चुकीला प्रायश्चित्त ठरलेले.

मीमांसासूत्रे रचणाऱ्या जैमिनींचा निर्णय असा की ऋत्विज कितीही राबले तरी फळ यज्ञ करवणाऱ्या यजमानाचे. कारण ऋत्विज दक्षिणा देऊन विकत घेतलेले आहेत. त्यांचे श्रम त्यांच्या हातचे, पण कर्म यजमानाचे. यज्ञ चालू असता ऋत्विज जी मागणी मंत्रांतून मागतो, तीसुद्धा सामान्यतः यजमानाच्याच खाती जमा होते. पगार घेऊन इंजिन आखणाऱ्या अभियंत्याला ही व्यवस्था ओळखीची वाटेल. अडचण अशी की यज्ञात यजमान समोर बसलेला असतो, दीक्षा घेतलेला, संकल्प उच्चारलेला. कंपनीत ते आसन रिकामे आहे. अभियंता म्हणतो मी पगारी. मुख्याधिकारी म्हणतो मीही संचालक मंडळाचा पगारी. संचालक म्हणतात आम्ही भागधारकांचे विश्वस्त. भागधारक म्हणतो, माझ्याकडे चार शेअर आहेत, मला सिलिंडर म्हणजे काय तेही माहीत नाही. सगळेच ऋत्विज, यजमान कोणी नाही, आणि आहुती मात्र पडते आहे.

मीमांसेत याही परिस्थितीचा विचार आहे. सत्र नावाचा लांबलचक याग असतो. त्यात सतरा ते चोवीस जण एकत्र बसतात आणि तेच यजमान, तेच ऋत्विज. बाहेरचा पुरोहित नाही, म्हणून दक्षिणाही नाही. इथे फळ कसे वाटायचे? सतरा जण असतील तर प्रत्येकाला सतरावा हिस्सा? मीमांसकांनी हे साफ नाकारले. प्रत्येकाला पूर्ण फळ, कारण प्रत्येकाने पूर्ण कर्माचा संकल्प केला आहे. माझा दावा असा की मोठ्या कंपनीतला निर्णय हे सत्र असते आणि त्याला साध्या यज्ञाचे सोंग दिलेले असते. ज्यांनी ज्यांनी होकार दिला, आणि ज्यांचा नकार ऐकला गेला असता, त्या प्रत्येकाकडे ते कर्म अख्खेच्या अख्खे जाते. बारा जणांच्या बैठकीत जबाबदारीचे बारा तुकडे होत नाहीत, बारा पूर्ण जबाबदाऱ्या तयार होतात. मीमांसकांनी एक बारीक गोष्टही सोडलेली नाही: सत्रातला एखादा मध्येच गेला तर त्याच्या जागी बसवलेला माणूस कर्मकर ठरतो, फळाचा धनी होत नाही. ऑगस्ट २०१२ नंतर निस्तरायला आलेल्यांना हा न्याय लावून पाहिला तर तो चोख बसतो.

यावर पहिला आक्षेप कायद्याचा येईल. कंपनी हीच कायद्याने व्यक्ती आहे, तीच यजमान, दंडही तीच भरते. नेव्हिस्टारने खरोखरच भरला: इंजिनांच्या मॉडेल वर्षाच्या वादात २०२१ साली ५.२ कोटी डॉलर, आणि त्याआधी २०१६ मध्ये गुंतवणूकदारांची दिशाभूल केल्याच्या आरोपावरून, आरोप मान्य वा अमान्य न करता, ७५ लाख डॉलर. पण ५.२ कोटींचा दंड ठरला तोवर कंपनी फोक्सवॅगनच्या ट्रॅटन समूहाने घेतलेली होती. म्हणजे २०१० च्या कर्माचे फळ जर्मनीच्या खात्यावर! फळाचा उद्देश कर्त्याला काही कळावे हा असेल, तर ज्याला वेदना होत नाही आणि स्मरणही राहत नाही अशा व्यक्तीला शिक्षा करून काय साधते, याचा पुरावा १९९८ पासून आपल्यासमोर आहे. त्या वर्षी अमेरिकेत सात इंजिन उत्पादकांवर एकच आरोप आला: संगणक असा लिहिला होता की चाचणीत इंजिन स्वच्छ चालावे आणि महामार्गावर इंजेक्शनचे टायमिंग पुढे सरकून मायलेज वाढावे, धूर कितीही होवो. दंड ८.३४ कोटी डॉलरचा झाला, इतर खर्च धरून तडजोड एक अब्जाच्या घरात गेली. त्या सातांत कमिन्स होती आणि नेव्हिस्टारही. रॅम पिकअपमधल्या इंजिनांवरून जवळपास तशाच आरोपासाठी कमिन्सने २०२४ मध्ये १६७.५ कोटी डॉलर दंड मान्य केला, गुन्हा कबूल न करता. कायदेशीर व्यक्ती तीच होती. ती काय शिकली?

दुसरा आक्षेप जास्त आदरणीय आहे, कारण तो गीतेतून येतो. अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधने, निरनिराळ्या क्रिया आणि दैव. केवळ स्वतःला कर्ता मानणाऱ्याची दृष्टी अधू ठरवली आहे, आणि ज्याला अहंकार नाही त्याला कर्म चिकटत नाही असेही म्हटले आहे. मग मुख्याधिकाऱ्याने म्हणावे, बाजार होता, नियम होता, रसायनशास्त्र होते, मी निमित्तमात्र. पण ही सोडवणूक फायद्याच्या वर्षीही लागू करावी लागेल. अमेरिकेतल्या शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना बड्या अधिकाऱ्यांचे वेतन आणि त्यामागची कारणे छापावी लागतात, आणि त्या कारणांत दैवाचे नाव कधी येत नाही. बोनस घेताना कर्ता आणि तोट्यात निमित्त, हा निरहंकार गीतेचा नव्हे. पाच कारणांची मांडणी गर्व उतरवण्यासाठी आहे. तिचा माफीनामा करता येत नाही.

तिसरा आक्षेप टिळकांच्या बाजूने घेता येईल. गीतारहस्यात त्यांनी कर्माच्या बाह्य परिणामापेक्षा कर्त्याच्या बुद्धीला वजन दिले. नेव्हिस्टारची बुद्धी शुद्ध असेल, ग्राहकाची सोय हाच हेतू असेल, तर चुकलेल्या पैजेला पाप का म्हणावे? म्हणू नये. तंत्रज्ञानातली पैज हरणे हा अधर्म नाही. कोणी पैज लावलीच नाही तर इंजिने १९५० च्याच जागी राहतील. पण बुद्धीची परीक्षा पैज लावतानाच्या क्षणी संपत नाही. प्रयोगशाळेतून उलटे आकडे येऊ लागले की तीच बुद्धी आकड्यांकडे बघते की घोषणेकडे, तिथे शुद्धतेचा निकाल लागतो. प्रतिस्पर्ध्यांची इंजिने २०१० मध्येच ०.२० वर आली होती आणि रस्त्यावर धावत होती. त्यानंतरची दोन वर्षे हा प्रामाणिक प्रयोग होता असे मला म्हणवत नाही.

सर्वांत अवघड आक्षेप खालून येतो. प्रत्येकाला पूर्ण फळ म्हटले तर चाचणीकक्षातला कनिष्ठ आणि संचालक एकाच पारड्यात बसतील. जपानच्या हिनो कंपनीचे उदाहरण इथे टाळता येत नाही. टोयोटाच्या या ट्रक कंपनीने मार्च २०२२ मध्ये उत्सर्जन आणि इंधनाचे आकडे खोटे दिल्याची कबुली दिली. ऑगस्टमधल्या चौकशी अहवालाने हा प्रकार किमान २००३ पर्यंत मागे नेला. टिकाऊपणाच्या एका चाचणीत सायलेन्सरचा भाग मध्येच बदलला होता, तर इंधनाचा प्रवाह मोजणारे यंत्र सोयीचे आकडे दिसतील असे लावले होते. समितीने कंपनीतल्या वातावरणावरही बोट ठेवले: वरून आलेले लक्ष्य गाठता येत नाही, असे वर सांगण्याची सोयच नव्हती. इथे सत्राचा नियम उपयोगी पडतो, कारण त्यात अधिकाराची अट आहे. दीक्षित तोच यजमान. ज्याचा नकार मोजलाच गेला नसता तो ऋत्विज, आणि लक्ष्य लादण्याचे कर्म त्याचे नव्हे. पण यंत्राचा काटा स्वतःच्या हाताने फिरवणे हे वेगळे, स्वतंत्र कर्म आहे. ते कोणाच्या यज्ञाचे अंग नाही, म्हणून दक्षिणेने विकलेही जात नाही. त्याचा धनी तो हातच. मात्र तेवढ्यावर न थांबता लक्ष्य ठरवणाऱ्यांचे पूर्ण फळ पूर्णच राहते. खालच्याचा दोष सापडला म्हणून वरच्याचा कमी होत नाही, आणि चौकशा नेहमी इथेच घसरतात. हिनोने जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत १६० कोटी डॉलरची तडजोड केली आणि गुन्ह्याची कबुली दिली. कबुली कंपनीने दिली.

एप्रिल २०२० पासून भारतातही बीएस-६ हा उत्सर्जनाचा नियम आहे आणि महामार्गावरच्या बहुतेक जड ट्रकच्या बाजूला युरियाची टाकी दिसते. पुढचे निर्णय बॅटरी, हायड्रोजन, गॅस यांचे आहेत. त्यातले बरेचसे पुणे-पिंपरी-चाकणच्या बैठकखोल्यांत होतील आणि काही चुकतील. वाचकांपैकी अनेकांचे पैसे म्युच्युअल फंडातून या कंपन्यांत आहेत, आणि लाभांश घेताना आपण कोणाचे ऋत्विज हे आपण विचारत नाही. निदान वार्षिक सभेत एवढे तरी मागावे: इंजिनाचा मार्ग ठरवणाऱ्या ठरावाखाली होकार देणाऱ्यांची आणि नकार देणाऱ्यांची नावे छापा, आणि त्यांच्या बोनसचा मोठा हिस्सा त्या इंजिनाची वॉरंटी संपेपर्यंत राखून ठेवा.