बिनविषाचा बेडूक

न्यू जर्सीतल्या आमच्या भाच्याने बेडूक पाळले आहेत. रोज एक फोटो येतो. निळाशार अंग, त्यावर काळे ठिपके, लांबी फार तर दीड इंच. मूळ गाव सुरिनाम. कोलंबियातले एंबेरा लोक याच्या पिवळ्या चुलतभावाच्या पाठीवर बाणांची टोकं घासत, इतकं घराणं जहाल!

भाच्याचा बेडूक मात्र साफ बिनविषारी. हे विष अंगात तयार होत नाही. रानातल्या मुंग्या आणि बारीकसारीक किडे खाऊन साठतं. काचपेटीत मिळतात फळमाश्या. भरणाच नाही, तर शिल्लक कुठून?

आता सांगा, तो निळा रंग खोटं बोलतो काय? 'खाल तर मराल' असा चेक, आणि खातं रिकामं! आमच्याकडे अशा वेळी सही करणाऱ्याला धरतात. पण बेडकाने रंग घेतला आजोबांकडून आणि जेवण भाच्याकडून. मी तर त्याला निर्दोष सोडीन.

फोटोचं तसं नाही. भाचा काचेवरची वाफ पुसत, श्वास रोखून तासभर बसतो. आणि खाली लिहितो, 'निळा मृत्यू'! याला सगळं ठाऊक असतं की हो.

"अरे, खरं लिही," मी म्हटलं.

"मामा, मग बघणार कोण?"

आमचे हेडकॅशियर वीस वर्षं नुसतेच ओरडताहेत, अजून कुणाला चावलेले नाहीत; पण काउंटरपुढची रांग सरळ असते. हे मी भाच्याला सांगितलेलं नाही.