कोंबडी कुणाच्या शेतात चरते?



गेल्या महिन्यात रविवारच्या मिस्सानंतर आपल्याच धर्मग्रामातील दोन कुटुंबे एक भांडण घेऊन आमच्याकडे आली. नावे आम्ही घेणार नाही. गोष्ट लिहायला मात्र दोघांनीही परवानगी दिली आहे. एका घरी दहा कोंबड्या आहेत, जमीन नाही. शेजाऱ्याच्या वाडीत वांगी, मेथी, सांभार. कोंबड्यांनी सांभाराचे वाफे दोनदा उकरले. तिसऱ्या वेळी चार कोंबड्या वाडीच्या कडेला मरून पडलेल्या सापडल्या. तेथे मक्याचे उरलेले, औषध लावलेले बियाणे पडले होते. ते सांडले होते की टाकले होते, यावर दोघांचे म्हणणे वेगळे. माणसाचे अंतःकरण देव पाहतो. आम्ही त्यात शिरलो नाही. पण त्या बाईंचे एक वाक्य आमच्या मनात रुतून बसले : "फादर, तुम्हीच तर म्हणाला होता, नुसत्या सोडून द्या, काही खर्च नाही."

खरे आहे. दोन वर्षांपूर्वी धर्मग्रामातर्फे काही कुटुंबांना वनराजा जातीची पिल्ले दिली, तेव्हा आम्ही तसेच बोललो होतो. आज त्या बोलण्याचा हिशेब द्यायला हवा.

अंडी देणारी एक कोंबडी दिवसाला साधारण शंभर ग्रॅम खाते. म्हणजे दहा कोंबड्यांना रोज किलोभर. आपण दिले नाही तर हे किलोभर कुठून तरी येतेच. पूर्वी वऱ्हाडात ते खळ्यावरून येत असे. घरोघर ज्वारी मळली जायची, दाणा मातीत मिसळायचा, कोंबड्या दिवसभर तो टिपायच्या. आता शिवारात सोयाबीन आणि कपाशी. कच्चे सोयाबीन कोंबडीला पचत नाही. ते भाजून किंवा शिजवूनच द्यावे लागते. सरकी जास्त पोटात गेली तर अंड्याच्या बलकाचा रंग बिघडतो. गवत आहे, किडे आहेत, वाळवी आहे. पावसाळ्यात त्यावर पुष्कळ भागते. पण एप्रिल-मेमध्ये, अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा, उघड्या रानात कोंबडीला काय मिळणार? तिला घामही येत नाही, चोच उघडी टाकून ती नुसती धापा टाकते. त्यात वनराजा ही हैदराबादच्या संशोधन केंद्रात तयार झालेली जात. अंगाने गावरानीपेक्षा भारी, म्हणून भूकही मोठी. (ती सहसा खुडूक बसत नाही, हेही आम्हांला नंतर कळले. पिल्ले वाटण्याआधी एखाद्या म्हातारीला विचारायला हवे होते.) अशा कोंबडीला "सोडून देणे" म्हणजे तिला पोसणे नव्हे, तिला शेजाऱ्याच्या दारी पाठवणे होय.

पवित्र शास्त्र या बाबतीत दोन गोष्टी सांगते आणि त्या पहिल्या वाचनात एकमेकींच्या विरुद्ध वाटतात. निर्गमच्या बाविसाव्या अध्यायात नियम आहे की, एखाद्याचे जनावर दुसऱ्याच्या शेतात चरले तर मालकाने आपल्या शेतातील उत्तम पीक देऊन भरपाई करावी. याने शेजाऱ्याची बाजू बळकट होते. पण लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात शेतमालकाला सांगितले आहे की, शेताच्या कडा पुरत्या कापू नकोस आणि पडलेला सरवा वेचू नकोस. तो गरिबाचा व परक्याचा आहे. रूथ अशाच सरव्यावर जगली. आणि निर्गमच्या तेविसाव्या अध्यायात सातव्या वर्षी पडीक ठेवलेल्या जमिनीचे फळ आधी गरिबांना आणि त्यांनी ठेवलेले रानातल्या प्राण्यांना दिले आहे.

आम्हांला असे वाटते की, भूमिहीन घराची कोंबडी म्हणजे त्या घराचा सरवा वेचणारा हातच आहे. ती चोरी करत नाही. मात्र सरव्याला वेळ असते : कापणी झाल्यावर. उभ्या वाफ्यात सरवा नसतो. ही सीमा रूथला कळत होती, कोंबडीला कळत नाही. म्हणून ती मालकिणीला कळली पाहिजे. आणि शेतमालकाला विचारावे लागेल की, तुझ्या शेतात सरवा उरला आहे का? तणनाशकाने धुरा स्वच्छ केला, बियाण्याला विष लावले, कडेची ज्वारीची ओळ काढून टाकली. विष कुणाला ओळखत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता माणसे दगावली, हे आपण विसरलेलो नाही.

राहिली कोंबडी स्वतः. सेमिनरीत आम्ही संत थॉमस अक्वायनस यांचे मत शिकलो की, प्राण्यांशी क्रूर वागू नये, कारण त्याने माणूस माणसांशीही क्रूर वागू लागतो. ते खरे आहे; पण त्यात कोंबडीला स्वतःचे असे काहीच मिळत नाही, आणि हे आम्हांला विद्यार्थी असतानाही थोडे खटकत असे. ख्रिस्तसभेची आजची धर्मशिक्षा एक पाऊल पुढे जाते : प्राणी देवाचे आहेत, आपल्या नुसत्या असण्याने ते त्याचा गौरव करतात, आणि आपण त्यांच्याशी दयेने वागणे लागतो. 'लागतो' हा शब्द देण्याघेण्याचा आहे. आपण तिचे अंडे घेतो, नाताळला तिलाही घेतो. धर्मशिक्षा त्याला मनाई करत नाही. पण जिच्याकडून एवढे घ्यायचे तिला सावलीत पाणी, संध्याकाळी मूठभर कनकी किंवा ज्वारी, थोडा शिंपल्यांचा चुरा आणि रात्री बंद होणारे खुराडे देणे हे उपकार नाहीत, देणे आहे. आणि देणे असेल तर "खर्च नाही" हे आमचे बोलणे चुकीचेच होते.

दोन्ही कुटुंबांशी पुन्हा बोलणे झाले. वाफ्यांची भरपाई म्हणून बाईंनी अंडी देऊ केली. शेजाऱ्याने ती घेतली, आणि उरलेले बियाणे खोल खड्डा करून पुरले. मेलेल्या चार कोंबड्यांच्या जागी पिल्ले धर्मग्राम देईल, या वेळी पहिल्या तीन महिन्यांच्या दाण्यासकट. वाडीला जाळी लावायची आहे. तिचा खर्च दोघे निम्मा-निम्मा करणार आहेत. कापणीनंतर जाळी किती दिवस उघडी ठेवायची, यावर मात्र अजून एकमत झालेले नाही. येत्या रविवारी मिस्सानंतर पुन्हा बसणार आहोत.