अडखळत वाजवलेलं देवाला चालतं का?



आजचा श्लोक गीतेच्या नवव्या अध्यायातला, २६ वा. पान, फूल, फळ, पाणी, जे कुणी भक्तीने देईल ते मी घेतो, असं भगवान सांगतात. वाचायला इतका सोपा की आपण लगेच पुढे सरकतो. पण समजा कुणी नुकताच कलिंबा घेतलाय आणि त्याला एक आरतीसुद्धा धड वाजवता येत नाही. त्याने ती देवासमोर वाजवावी का? की आधी नीट शिकून घ्यावं आणि मग देवघरात बसावं?

‘देवाला भाव हवा’ हे उत्तर आपल्या तोंडावरच असतं. मला ते अर्धंच वाटतं. याच श्लोकात भगवंतांनी देणाऱ्याला ‘प्रयतात्मा’ म्हटलंय, म्हणजे मन शुद्ध आणि आवरलेलं असलेला. पान साधंच असतं, पण बेल वाहताना आपण तीन दळं शाबूत आहेत ना ते बघतोच की! थोडं देणं वेगळं आणि कसंतरी देणं वेगळं.

कलिंबावर हा फरक पटकन कळत नाही, कारण वाद्यच लबाड आहे. नेहमीच्या कलिंबाला १७ पट्ट्या असतात. मधली सगळ्यात लांब, तो सा. मग रे एका बाजूला, ग दुसऱ्या बाजूला, असे स्वर आलटून पालटून बाहेर जातात. पेटीची सवय असलेल्याचे दोन्ही अंगठे पहिले काही दिवस एकमेकांशी भांडतात. पण सगळ्या पट्ट्या एकाच स्वरमालेच्या, त्यामुळे काहीही छेडलं तरी गोडच लागतं. दहा मिनिटांत वाटतं, आपल्याला येतंय! तो गोडवा बनवणाऱ्याचा असतो, आपला अजून नसतो. दुसऱ्याच दिवशी रील टाकायला माझी ना नाही. फक्त स्वर चुकला की आधी नजर कुठे जाते, मूर्तीकडे की मोबाइलकडे, एवढं ज्याचं त्याने बघावं.

एक गंमत सांगतो. या पट्ट्यांवर सगळे शुद्ध स्वर, मग भैरवीतला अभंग कसा वाजवायचा? ‘ग’च्या पट्टीला सा माना. रे, ग, ध, नी आपोआप कोमल होतात. पट्टी एकही हलवायची नाही, फक्त सा कुठला ते ठरवायचं. मींड मात्र यावर निघत नाही, ती गळ्यानेच घ्यावी.

आणि हे वाद्य पूजेला नवं नाही. कलिंबा आला तो आफ्रिकेतल्या म्बिरासारख्या जुन्या वाद्यांवरून. ह्यू ट्रेसी यांनी १९५० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत तो बनवून जगभर विकायला सुरुवात केली. झिंबाब्वेतले शोना लोक ‘बिरा’ नावाच्या विधीत म्बिरा रात्रभर वाजवतात, पूर्वजांच्या आत्म्यांना बोलावण्यासाठी. आपलं जागरण आठवावं असंच. त्या म्बिराला शिंपले किंवा बाटल्यांची बुचं मुद्दाम लावतात, प्रत्येक स्वराबरोबर खरखर यावी म्हणून. आपल्या कलिंबाची एखादी पट्टी खरखरली तर आपण ती जरा सरकवून ठीक करतो, आणि आपल्या वाद्यापुरतं ते बरोबरच आहे. पण एकाला जो दोष वाटतो तो दुसऱ्याच्या पूजेत लागतोच, हे कळल्यावर ‘देवाला कोणता आवाज चालतो’ हे ठरवायची आपली घाई जरा कमी होते.

मग नवशिक्याने काय करावं? मला उत्तर पुढच्याच श्लोकात दिसतं. जे करशील, जे खाशील, जे देशील, ते सगळं मला अर्पण कर, असं भगवान तिथे म्हणतात. ‘नीट जमेल तेव्हा’ अशी अट नाही. म्हणजे रियाज आधी आणि अर्पण नंतर असे दोन वेगळे दिवस उरतच नाहीत. फक्त रियाज खरा हवा. अंगठे दुखतात, नख फार वाढलं तर अडकतं, फार कापलं तर आवाज दबतो. आरतीची पहिली ओळ सावकाश वाजवायची. अडली की वेग अजून कमी करून पुन्हा तीच.

सोय एकच आहे. कलिंबाचा आवाज लहान असतो, रात्री अकरालाही शेजारी दार ठोठावत नाहीत.