गोलरक्षकाचा दोष

सोलापुरास फुटबॉलचें वेड कोल्हापुराइतकें कधींच नव्हतें. तरी या खेळांतील गोलरक्षक आम्हांस नेहमीं विचारांत पाडतो. इतर गडी चुकले, तर ती चूक सांवरावयास मागें कोणीतरी असतो. याच्या मागें केवळ जाळें. १६ जुलै १९५० रोजीं रिओ येथें युरुग्वेच्या घिज्जियानें दुसरा गोल केला, ब्राझील १–२ असा हरला, आणि दोष आला गोलरक्षक बार्बोझाच्या माथीं. २००० सालीं तो वारला, तोंपर्यंत तो उतरला नाहीं. आघाडीच्या गड्यांनीं एकच गोल केला, याचा जाब त्यांस इतक्या कठोरपणें कोणीं विचारला?

कोणी म्हणेल, वेतन घेऊन पत्करलेलें काम, तेव्हां दोषही पत्करावा. पत्करावा, पण वेतन खेळाचें असतें, सबंध आयुष्याचें नव्हे. गोव्याचे गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर यांस २०२२ सालीं पद्मश्री मिळाली, हें योग्यच झालें. परंतु असा गौरव विरळा. गुणफलकावर अडविलेल्या चेंडूंस स्थानच नसतें. आमच्या गिरण्या चालू होत्या तेव्हां बॉयलरवर रात्रपाळी करणाऱ्याचें नांव गांवांत कितीजणांस ठाऊक होतें? स्फोट झाला असता, तर मात्र तें सकाळपर्यंत सर्वतोमुखीं झालें असतें.