कामासाठीच घेतोय

दोन लॅपटॉप उरलेत. एकात आरटीएक्स ४०५०, ६ जीबी व्हीरॅम, वजनाला हलका. दुसऱ्यात ४०६०, ८ जीबी, चार्जर विटेएवढा. तीन आठवडे रोज रात्री हेच चाललंय.

खरं तर माझ्या कामाला यांतलं ग्राफिक्स कार्ड लागतच नाही. मी बॅकएंड लिहितो. डॉकर, आयडीई आणि ब्राउझरचे चाळीस टॅब रॅम खातात, बिल्डला प्रोसेसर लागतो. ३२ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप पुरला असता.

पण बाबांनी फोनवर विचारलं, "कामासाठीच ना?" आणि मी पटकन "हो" म्हणालो. पैसे माझे, हप्ते माझे. तरी खोटं का बोललो? आमच्याकडे खेळ अभ्यास संपल्यावर मिळायचा, आणि अभ्यास कधी संपायचाच नाही. आता नोकरी आहे, तरी खेळायची परवानगी मी कामाकडूनच मागतो. 'एआय मॉडेल घरीच चालवेन' हेही स्वतःला सांगून झालंय. (मोठी मॉडेल्स ८ जीबीत मावतही नाहीत.)

स्टिकरही असंच अर्धंच सांगतो म्हणा. लॅपटॉपमधलं ४०६० कंपनी ३५ वॉटवर चालवते की ११५ वर, ते त्यावर लिहिलेलं नसतं. नाव तेच, ताकद वेगळी.

खेळायलाच घेतोय हे कबूल केल्यावर ४०६० ठरायला दोन मिनिटं लागली. काल बाबांनाही सांगून टाकलं. पलीकडे जरा शांतता. मग म्हणाले, "त्यात कॅरम असतो का रे?"